रबराच्या बाजूने

वीस वर्षांच्या गाडीसाठी सस्पेन्शनचे सुटे भाग घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा त्या गाडीचा तिसरा नाहीतर चौथा मालक असतो. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती कशी चालत होती, हे त्याने कधी अनुभवलेलंच नसतं. त्याला ठाऊक असते ती आजची गाडी: गतिरोधकावर टकटक करणारी, वळणात आधी कलून मग वळणारी, द्रुतगती मार्गावर पुलाच्या सांध्यावरून जाताना मागून किंचित सरकणारी. नव्या भागांची तुलना तो या गाडीशी करतो. निवडीतली मोठी चूक इथेच होते, असं माझं म्हणणं आहे. मेलेल्या भागाच्या जागी कोणताही नवा भाग बसवा, तो कितीही चुकीचा असला तरी पहिल्या दिवशी जिंकतोच.

माझ्यापुढे जी गाडी आहे ती पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. २००४ साली ती भारतात आली. १.८ लिटरचं, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेलं टर्बो पेट्रोल इंजिन. युरोपात ते १८० अश्वशक्तीचं होतं, इथे १५०. जुळणी मराठवाड्यातली, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याची. त्या काळी आपल्याकडे टर्बो म्हटलं की लोकांना डिझेलच आठवायचं, म्हणून ही गाडी ज्यांनी चालवली त्यांच्या मनात ती घर करून राहिली. आज या गाड्यांनी पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर मागे टाकला आहे. ज्यांच्याकडे त्या अजून आहेत त्यांनी त्या ठरवून ठेवल्या आहेत. इंजिनावर या लोकांचा जीव असतो, त्याच्या तेलाबद्दल ते तासभर बोलतील. सस्पेन्शनपाशी आले की मात्र बोलणं दोन शब्दांवर येतं: कडक आणि खाली. कडक शॉक लावा, गाडी खाली करा.

या दोन शब्दांशीच माझं भांडण आहे.

आधी शॉकबद्दल. गॅरेजात त्याला 'शॉकअप' म्हणतात आणि नावातच गैरसमज पक्का होतो. धक्का झेलते ती स्प्रिंग. दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. हे झुलणं थांबवणं हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं काम. तेलातून पिस्टन ओढला जातो, पिस्टनवरच्या पातळ पोलादी चकत्या तेलाच्या दाबाने वाकून वाट देतात, आणि झुलण्यातली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. हा भाग एका दिवसात मरत नाही. सील झिजतं, तेल पातळ होतं, वायूचा दाब उतरतो, आणि चालवणाऱ्याचे हात रोज थोडी थोडी सवय करून घेतात. बोनेटचा कोपरा दाबून गाडी किती वेळा झुलते ते मोजायची जुनी परीक्षा अगदी संपलेला शॉक तेवढा पकडते. अर्धा मेलेला शॉक तिच्यातून सहज सुटतो, कारण हाताने दाबताना पिस्टनचा वेग खड्ड्यातल्या वेगाच्या आसपासही जात नाही.

स्प्रिंगचं उलट आहे. लोक म्हणतात स्प्रिंग थकून मऊ झाली. पोलादी कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा स्वभाव यांवर ठरतो, आणि वीस वर्षांत यातलं जवळजवळ काहीच बदलत नाही. थकलेली स्प्रिंग मऊ होत नाही, बुटकी होते. तेव्हा आधी टेप घ्यावी आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजावं. डावं-उजवं सारखं असेल, वेटोळं कुठे तुटलेलं नसेल, गंजून खड्डे पडलेले नसतील, तर जुन्या स्प्रिंगला हात लावायचं कारण नाही. ज्या पैशांतून लोक रंगीत, खाली बसणाऱ्या स्प्रिंगा घेतात ते पैसे तिथेच वाचतात.

आता खाली करण्याबद्दल, कारण या गाडीच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच झालेलं मी पाहिलं आहे.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिस ओली नावाचा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेत कॅडिलॅककडे आला. गाडीवर वजनं पुढे-मागे सरकवता येतील अशी एक चाचणीगाडी त्याने तयार केली आणि माणसं बसवून तासन् तास फिरवली. तोवर पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा कडक ठेवायची रीत होती. ओलीला दिसलं की ते उलटं हवं. खड्डा आधी पुढच्या चाकाला भेटतो, मागच्या चाकाला क्षणभराने. पुढचं अंग झुलायला लागलेलं असतं आणि मागचं उशिरा सुरू होतं. मागच्या अंगाचं झुलणं थोडं जलद असेल तरच ते पुढच्याला गाठतं, आणि गाडी नाक वर-खाली न करता सपाट उठते, सपाट बसते. साध्या गाडीची पुढची बाजू सेकंदाला सव्वा वेळा झुलत असेल, तर मागची त्याहून थोडी जास्त. हे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही. ते स्प्रिंगांच्या जोडीत असतं.

खाली करायच्या स्प्रिंगा लावल्या की हे प्रमाण कुणा तिसऱ्याच्या हातात जातं. शिवाय उंची कमी केली की चाकाला वर जायला जागा उरत नाही, म्हणून स्प्रिंग कडक करावीच लागते. झुलण्याचा वेग सेकंदाला सव्वावरून दीडवर न्यायचा तर कडकपणा सुमारे ४४ टक्क्यांनी वाढवावा लागतो, कारण वेग कडकपणाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने चालतो. या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत. १९५०च्या फोर्ड कॉन्सलपासून जगभर पसरलेली ही रचना स्वस्त, आटोपशीर आणि चांगली आहे, पण तिची एक अट आहे: खालचा आर्म ठरलेल्या कोनातच राहिला पाहिजे. गाडी खाली केली की आर्मचं बाहेरचं टोक वर जातं, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं. कलणं कमी व्हावं म्हणून खर्च केला आणि कलवणारी तरफच लांब झाली. मग ती झाकायला आणखी कडक स्प्रिंग, आणखी जाड अँटी-रोल बार. एका चुकीला दुसरी चूक सांभाळत बसते.

आणि रस्ते? इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीतला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा आहे. आपल्या वस्त्यांमधले त्याहून अरुंद आणि उभे असतात. गाडी तिरकी करून, एकेक चाक चढवत ते पार करणारे खाली केलेल्या गाड्यांचे मालक मी रोज पाहतो. जी गाडी वेगासाठी घेतली ती बैलगाडीच्या वेगाने जपून न्यावी लागते. मला याचं वाईट वाटतं, कारण मूळ गाडी त्याच गतिरोधकावरून सरळ गेली असती.

मग शॉक कोणते? इथे निवडीला खरा वाव आहे. बिलस्टाइनच्या यादीत बी-४ म्हणजे मूळ स्वभावाच्या जवळचा, बी-६ म्हणजे मूळ उंचीच्या स्प्रिंगवर चालणारा पण कडक, आणि बी-८ हा खाली केलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. मूळ स्प्रिंगवर बी-८ लावणारे लोक आहेत आणि ते उगीच चाकाची खाली जायची वाट कमी करून घेतात. कोनीच्या पिवळ्या शॉकमध्ये उसळी किती रोखायची ते फिरवून ठरवता येतं, आणि पुढे झीज झाली की थोडं आवळून ती भरून काढता येते. साक्स, केवायबी मूळच्या जवळ राहतात.

बी-६ एकनळीचा असतो. एकनळी शॉकची कल्पना फ्रेंच संशोधक द कार्बों यांची. वायू आणि तेल यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असल्याने खराब रस्त्यावर लागोपाठ धक्के बसले तरी तेलाला फेस येत नाही, आणि उष्णता थेट बाहेरच्या नळीतून जाते. आपल्या रस्त्यांसाठी हा मोठा गुण. दोष असा की बाहेरची नळी हीच पिस्टनची वाट असते. दगड लागून तिला पोच आला की शॉक गेला. दुनळीचा शॉक पोच सोसतो. बिलस्टाइन आपल्या स्ट्रटमध्ये हा एकनळी शॉक उलटा करून बाहेरच्या जाड आवरणात बसवतं, म्हणून पुढच्या बाजूला ही भीती कमी. मागे मात्र तो उघडा असतो. माझा कौल असा: पुढे आणि मागे एकाच घराण्यातले, मूळ उंचीसाठीचे, मूळपेक्षा फार तर एका पायरीने कडक. त्याहून कडक शॉक वाईट रस्त्यावर एक विचित्र गोष्ट करतो. चाक खड्ड्यातून वर दाबलं जातं, पण शॉक इतका घट्ट की पुढच्या खड्ड्याआधी ते पुरतं खाली परत येत नाही. दुसरा खड्डा त्याला आणखी वर दाबतो, तिसरा आणखी. चार-पाच खड्ड्यांत गाडी स्वतःहून खाली बसते आणि बंप स्टॉपवर आदळू लागते. मालक म्हणतो, स्प्रिंग मऊ आहे. त्या क्षणी दोष घट्टपणाचा असतो.

बंप स्टॉपचा विषय निघालाच आहे तर तो हातात घेऊन बघा. शॉकच्या दांड्यावर, धूळ-आवरणाच्या आत, फेसाळ पॉलियुरेथेनचा हा ठोकळा असतो. चाक पुरतं वर गेलं की तो हळूहळू दबत जातो. म्हणजे तो स्प्रिंगचाच शेवटचा तुकडा. माझ्या गाडीचा पुढचा उजवा स्ट्रट उतरवला तेव्हा मी तो दोन बोटांत धरला आणि शिळ्या पावासारखा त्याचा भुगा झाला. उरलेलं तळहातावर पिवळसर पीठ. मागच्या मालकाने आठ-नऊ वर्षांपूर्वी शॉक बदलले होते, चांगल्या नावाचे, पावतीही होती. त्या वेळी नवा शॉक या मेलेल्या ठोकळ्यासकट, जुन्याच टॉप माउंटखाली, जुन्याच बेअरिंगवर बसवला गेला होता. शॉक तेलाने ओला व्हायला फार काळ लागला नसेल.

इथून मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो, तो म्हणजे रबर.

सस्पेन्शनचा प्रत्येक सांधा रबरातून जातो. आर्मचे बुश, अँटी-रोल बारचे बुश, स्ट्रटचा वरचा माउंट, मागच्या बीमचे दोन मोठे बुश. वेगवान गाडीच्या मालकाला रबर म्हणजे कारखान्याने आवाज दाबायला घातलेली उशी वाटते, आणि ती काढून पॉलियुरेथेनचा कडक बुश बसवला की गाडी 'धारदार' होईल अशी त्याची खात्री असते. पण रबरी बुश म्हणजे नुसती उशी नाही. कुठल्या दिशेने किती हलायचं याचा तो लिहून ठेवलेला निर्णय आहे. या गाडीच्या पुढच्या आर्मचा मागचा बुश पाहा: रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या आहेत. पोकळीच्या दिशेने तो मऊ, आडव्या दिशेने कडक. चाक खड्ड्यावर आपटलं की ते किंचित मागे सरकू द्यायचं, पण वळणाचा जोर आला की जागचं हलू द्यायचं नाही.

मागच्या बीमची गोष्ट तर आणखी सुंदर आहे. वळणात बाजूने जोर आला की अख्खा बीम थोडा फिरू पाहतो, आणि मागची चाकं चुकीच्या दिशेला वळून गाडीची शेपटी बाहेर टाकू पाहतात. फोक्सवॅगनने दुसऱ्या पिढीच्या गोल्फपासून हे बुश असे तिरके बसवले की त्याच जोराने बीम थोडा बाजूला सरकतो आणि सरकताना ते फिरणं खोडून काढतो. ऑक्टाव्हिया त्याच कुळातली. तिथे गोल, सगळ्या दिशांनी सारखा कडक पॉलियुरेथेनचा बुश ठोकला तर ही दुरुस्ती संपली. मालकाला वाटतं गाडी जास्त नेमकी झाली. ओल्या रस्त्यावर, वळणात अचानक ब्रेक लागला की त्याला कळेल काय गेलं ते.

बुश किती छोटी गोष्ट वाटते! याच सांगाड्यावर पहिली ऑडी टीटी उभी होती. १९९९मध्ये जर्मनीत प्रचंड वेगात त्या गाड्यांचे जीवघेणे अपघात झाले, आणि ऑडीने त्या परत बोलावून इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा आणि मागे स्पॉयलर तर बसवलाच, शिवाय शॉक, अँटी-रोल बार आणि पुढचे आर्मही बदलले. टीटीच्या आर्मचा मागचा बुश भरीव रबराचा असतो, पोकळ्या नसलेला, आणि तो ऑक्टाव्हियाला बसतो. मला विचाराल तर या गाडीत कडकपणाकडे टाकायचं एखादं पाऊल असलंच तर ते हेच: रबर सोडून न देता रबराचाच एक पक्का प्रकार, त्याच घराण्यातल्या अभियंत्यांनी तपासलेला.

पॉलियुरेथेनला जागा नाही असं मी म्हणत नाही. चेन्नईजवळच्या किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर जी गाडी फक्त शर्यतीला जाते, तिला आवाजाशी देणंघेणं नाही आणि दर काही महिन्यांनी बुश उघडून ग्रीस भरायला माणूस आहे. रबरी बुश स्वतः पिळून फिरतो. पॉलियुरेथेनचा बुश नळीवर घसरून फिरतो, म्हणून त्याला ग्रीस लागतं, आणि आपल्या धुळीत ते ग्रीस लवकरच पॉलिश पेपर होतं. घरून कामाला आणि कामावरून घरी जाणाऱ्या गाडीला हा व्यवहार परवडणारा नाही.

रबराचा दोष एकच: ते वयाने मरतं, किलोमीटरने नाही. ओझोन आणि उष्णता त्याला कडक करतात, भेगा पडतात, धातूला चिकटवलेला थर सुटतो. म्हणून 'गाडी चाळीस हजारच चाललीये, बुश कशाला बदलता' हा युक्तिवाद टिकत नाही. म्हणूनच कुठल्यातरी फडताळात पंधरा वर्षं पडून असलेला, खोक्यातून आत्ताच काढलेला 'नवा' बुशही नवा नसतो. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला भाग घेताना मी आता खोक्यापेक्षा रबर बघतो: नखाने दाबून, अंगावरची तारीख शोधून. खोक्यावरच्या नावांचा गोंधळ मोठा आहे. शॉक बनवणारी बिलस्टाइन आणि सुटे भाग विकणारी फेबी बिलस्टाइन या दोन वेगळ्या कंपन्या, दोन्ही जर्मनीतल्या एनेपेटाल या एकाच गावच्या. लेमफोर्डरच्या आर्मवर कधीकधी एक जागा घासलेली दिसते. गाडीच्या कंपनीचं चिन्ह तिथे असतं आणि बाजारात येताना ते काढलेलं असतं. अशी घासलेली जागा मला चकचकीत होलोग्रामपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

आता एक गोष्ट माझ्यावर बेतलेली. पहिल्यांदा मी आर्मचे बुश बदलून घेतले ते एका मोठ्या, स्वच्छ गॅरेजात. भाग उत्तम होते. चार महिन्यांत उजवा बुश फाटला. मी भागाला दोष दिला, दुकानदाराशी वाद घातला. मग जुन्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. ते खाली वाकले, टॉर्च मारला आणि म्हणाले, "बुशचा काय दोष, साहेब? गाडी टांगलेली असताना बोल्ट आवळलाय. चाक लोंबकळतंय त्या जागी बुश जखडला. गाडी जमिनीवर आली की त्याची मान जन्मभर पिरगाळलेली." रबरी बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते; आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. म्हणून गाडीचं वजन चाकांवर असताना, ती नेहमी उभी राहते त्या उंचीवरच शेवटचं आवळायचं, म्हणजे सरळ उभ्या गाडीत रबराला पीळ नसतो. मिस्त्रींनी गाडी चार चाकांखाली फळ्या घालून उभी केली, मागे दोन सिमेंटच्या गोण्या ठेवल्या, स्वतः आडवे होऊन आत शिरले आणि टॉर्क रेंचने बोल्ट आवळला. तो बुश आज तीन वर्षं झाली, जागच्या जागी आहे.

माझ्या या बाजूवर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. कारखान्याचा निर्णय म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. त्यात खर्चाची काटकसर होती, त्या काळच्या टायरचा हिशोब होता, युरोपातल्या रस्त्यांचं गृहीतक होतं. सगळं खरं. आजचे टायर जास्त पकड देतात, म्हणून एक पायरी कडक शॉक मी मान्य करतो, टीटीचा बुशही मान्य करतो. पण निर्णय बदलायचा तर आधी तो पुरता ऐकला पाहिजे. सगळं रबर नवं, बंप स्टॉप नवे, टॉप माउंट आणि त्याचं बेअरिंग नवं, लिंक रॉड नव्या, मूळ उंची, नीट केलेलं अलाइनमेंट: एवढं करून हजार किलोमीटर चालवा. मग जी उणीव जाणवेल ती गाडीची असेल, वयाची नसेल. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना त्यानंतर खाली करायची इच्छाच उरली नाही.

आमच्या गाडीचं पुढचं काम झालं आहे. दिवे घाटातून सासवडला जाताना आता तुटलेल्या कडेवरून चाक गेलं तर एकदाच, बंद दाराआड कुणी पुस्तक ठेवावं तसा आवाज येतो आणि स्टिअरिंग हातात स्थिर राहतं. मागचा बीम राहिला आहे; त्याचे बुश पुढच्या आठवड्यात येतील. बुशच्या पोकळीची दिशा चुकली की तो बसूनही निरुपयोगी, म्हणून जुना काढण्याआधी बीमवर खूण करायला सांगावं असं ठरवून मी परवा मिस्त्रींकडे गेलो. गाडी वर होती. दोन्ही बुशांसमोर बीमवर पांढऱ्या ऑइल पेंटची बोटभर रेघ आधीच ओढलेली होती, अजून ओली.